पांढरीवरची बाळंतीण

चैत्र सरत आला की आमच्या गल्लीत ड्रमांची झाकणं वाजायला लागतात. निळे प्लॅस्टिकचे ड्रम, प्रत्येकाच्या दारापुढं एक, कुणाकुणाच्या झाकणाला कुलूपसुद्धा. टँकर कोपऱ्यावर वळायच्या आधी त्याचा ओल्या गंजाचा वास येतो आणि बायका पाईप घेऊन धावतात. मी आता धावत नाही. आता आमच्या गच्चीवर टाकी आहे, खाली नळ आहे. पण ग्लासात उरलेलं घोटभर पाणी मी अजून तुळशीला घालते, आणि दोन बादल्या भरलेल्या नसल्या तर मला झोप लागत नाही. माझी मुलगी मंजू हसते. म्हणते, "आई, आज आलंय ना नळाला?" आलंय गं. पण उद्याचं कुणी सांगितलं?

यंदा अशाच एका सकाळी बादली भरत असताना फोन वाजला. दादाचा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वेंगुर्ल्याच्या बाजूला आमचं गाव, तिथं बाबांच्या माघारी होडी तोच चालवतो. दादाला फोनवर बोलता येत नाही, तो नुसता ओरडतो. "पाखरा इली गो कड्यार!" एवढं ओरडला आणि ठेवून दिला.

मी नळ बंद करायचा विसरले. माझ्याकडून असं होत नाही कधी.

पाखरं म्हणजे सुरय. कबुतराहून अंगानं बारीक, राखाडी-पांढरी, डोक्यावर काळी टोपी, शेपटीला दोन टोकं. आमच्या किनाऱ्यासमोर एक खडकाळ बेट आहे, त्याचे कडे सरळ पाण्यात उतरतात. उन्हाळ्यात ते कडे या पाखरांनी भरून जातात. लांबून वाटतं, काळ्या खडकावर कुणीतरी भिजवलेले पोहे सांडून ठेवलेत. जवळ गेलं की आधी आवाज येतो. शाळा सुटल्यावर मुलं जशी सगळी एकदम बोलतात ना, तसा. मग वास, मासळीचा आणि चुन्याचा. मग होडीवरून पांढऱ्या सावल्या सरकायला लागतात.

बाबा मला लहानपणी न्यायचे. कडा नीट दिसायला लागला की ते वल्हं आडवं धरायचे. "फुडे नको. ती उठतली." मला पुढं जायचं असायचं, मी भोकाड पसरायचे. एकदा त्यांनी समजावून सांगितलं. पाखरू उठलं की खालचं अंडं उघडं पडतं, आणि वैशाखातल्या खडकावर उघडं अंडं भाजून निघतं. आपल्याला वाटतं ती ऊब देत बसलीत. भर दुपारी ती सावली देत बसलेली असतात.

हे मला आठवीच्या कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. आणि आठवीच्या पुढं पुस्तकंच मिळाली नाहीत. आई अंथरुणाला खिळली, चूल माझ्याकडं आली, शाळा सुटली. पुढं लग्न झालं आणि नवऱ्याच्या कामामागं मी इथं आले, चिकलठाण्याच्या अंगाला, दोन खोल्यांत. नवरा आमच्याच बाजूचा, कंपनीत कामाला लागलेला. सासर आणि माहेर दोन्ही समुद्राकाठी, आणि आम्ही दोघं या पठारावर. पहिल्या आठवड्यात मी सारखी नाक वर करून वास घ्यायचे. हवेला मिठाचा वास नाही म्हणजे काय, हे मला कळतच नव्हतं.

ज्या उन्हाळ्याबद्दल मला लिहायचंय तो दुष्काळाचा होता. गल्लीतली बोअर गचके देऊन बंद पडली. नळाला पाणी कधी येईल हे कुणी सांगायचं नाही, आलं की भांड्यांचा एकच गोंधळ. आणि शहर तर वाढत चाललेलं. आमच्या मागच्या शेतात रोज एक नवा पाया खोदला जायचा, सिमेंट कालवायला कुठून तरी पाणी यायचं. त्या उन्हाळ्यात मला दिवस गेलेले होते.

आदल्या वर्षी माझं एक मूल सहाव्या महिन्यात गेलं होतं. गावाहून परत येताना, घाटात, एसटीच्या शेवटच्या बाकावर दुखायला लागलं. त्याच्याबद्दल मी एवढंच लिहिते. तर या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं, लांबचा प्रवास बिलकुल नाही. म्हणजे माहेर बंद. मी रात्रंदिवस एकच विचार करायचे, हे राहील ना? जिना उतरताना पोटाखाली हात धरायचे. कुणी हसवलं तरी जपून हसायचे.

आमची घरमालकीण काशीमावशी. धनगराची. नवरा वारल्यावर तिनं प्लॉटवर चार खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, आणि मागं दोन शेळ्या ठेवल्या. आवाज असा की शेळ्यासुद्धा दचकायच्या. एक दिवस मी टँकरवरून घागर उचलली आणि मागून ती गरजली.

"ए पोरी! ठेव ती खाली. पोटात लेकरू हाये का धोंडा?"

"मावशी, टँकर जाईल ना."

"जाऊ दे मेल्याला. टँकर दुसरा येतोय. लेकरू येतंय का दुसरं?"

बोलून गेली आणि तिचा चेहरा उतरला. माझं आदलं तिला ठाऊक होतं. तिनं माझी घागर उचलली, मग कळशी, मग माझा आख्खा ड्रम भरून दिला. तिचा स्वतःचा ड्रम त्या दिवशी अर्धाच राहिला.

संध्याकाळी ती आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "पहिलं बाळंतपण म्हायेरी व्हायला पायजे. हिचं म्हायेर लांब हाये, माझं जवळ हाये. मी हिला न्यायलेय."

हे गोंधळले. "पण मावशी, लोक काय म्हणतील?"

"लोक पाणी भरायलेत. त्यांना बोलायला टाइम कुठाय?"

मावशीचं माहेर पैठणच्या अलीकडं, नाथसागराच्या काठाला. धरणाचं पाणी माघारी तुंबतं, त्या भागात. शहराचा नळ याच पाण्यावर चालतो. तिथं विहिरीला ओंजळभर का होईना पाणी होतं, पैठणचा दवाखाना जवळ होता, आणि घरात मावशीचा धाकटा भाऊ होता, बापू. त्याची मेंढरं होती. त्यानं मला पाहिलं आणि डोक्याचा पटका सारखा करत म्हणाला, "समुद्रावरची पोर हाये म्हनं ही. आमचा समुद्र आटला तवाच आली व्हय?"

"तोंड सांभाळ," मावशी म्हणाली. "म्हायेरवाशीण हाये."

माहेरवाशीण. मी त्या शब्दावर कितीतरी दिवस जगले.

मावशीच्या माहेराची दोन गावं होती. एक वरचं, सरकारनं वसवलेलं, सरळ रस्त्यांचं. एक खालचं, ती लहान असताना धरणात गेलेलं. त्या साली धरण असं आटलं की खालचं गाव वर आलं. गावठाणाच्या जमिनीला इकडं पांढरी म्हणतात. तर ती पांढरी चिखलातून उंचवट्यासारखी उघडी पडली. मोडक्या भिंतींच्या रेघा, मारुतीचा धोंडा, कुणाच्या जात्याची तळी. लोक आपापली घरं बघायला जायला लागले. जाऊन आलेली म्हातारी माणसं पायाचा चिखल दिवसभर धुवायची नाहीत.

मावशी मला म्हणाली, "आमच्या घराचा दगडी उंबरा शाबूत हाये, बापूनं लांबून बघितलाय. माहेरी लेक आली तर भाकरतुकडा ओवाळून उंबऱ्यातून आत घ्यावं लागतंय. तुला काय मी पत्र्याच्या दारातून घेतलं. तिथं चल. एकदा नीट घेते तुला."

सकाळच्या गारव्यात निघालो. बापू मेंढरं घेऊन पुढं, खांद्यावर कोकरांसाठी छाटलेला कडुलिंबाचा पाला. मावशीच्या पदरात भाकरीचा तुकडा आणि हातात तांब्याभर पाणी. तडकलेल्या चिखलाच्या फरश्या पायाखाली हलायच्या. मधूनच पांढरे शिंपले. मी शिंपला उचलून हुंगला. समुद्राचा वास नव्हता, पण हातातून सोडवेना.

आणि मग आवाज आला.

शाळा सुटल्यावर मुलं एकदम बोलतात तसा. माझे पाय जागीच थांबले. पोटातलं मूल त्या वेळी हललं, हे मला अजून आठवतं. पांढरीवरून एक पांढरा ढग उठला आणि आमच्या डोक्यावर फिरायला लागला. काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. आमच्या कड्यावरची नव्हेत, नदीवरची सुरय, चोच पिवळी. पण त्यांचीच भावंडं. पाणी हटलं म्हणून त्यांना उघडी जमीन मिळाली होती. ज्या आटण्यानं आमच्या गल्लीतल्या बायका भांडत होत्या, त्याच आटण्यानं इथं पाखरांची वसाहत उठली होती. मला काय वाटावं तेच कळेना.

मावशी पुढं निघून गेली होती. एक पाखरू तिच्या डोक्यावर सूर मारून गेलं. तिनं पदर ओढला. "मेली डोक्यात टोचायली की! आगं ये लवकर, उंबरा दिसायला लागला. त्यो बघ!"

"मावशी, मागं या!"

"कामून?"

"अंडी असतील तिथं. ती उठली की अंडी भाजतात उन्हानं."

मावशीनं खाली बघितलं. तिच्या उजव्या पायाजवळ मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची दोन अंडी होती. तिनं उचललेला डावा पाय तसाच वर ठेवला. बापूला हसू आवरेना. "आक्का, बगळा झालाय तुझा."

ती हसली नाही. आपल्याच पावलांच्या ठशांत पाय ठेवत ठेवत मागं आली. उंबरा समोर दिसत होता, काळा, मधोमध झिजलेला. तिच्या आईनं, आजीनं झिजवलेला. हाकेच्या अंतरावर. ती त्याच्याकडं बघत उभी राहिली आणि पाखरं एकेक करून खाली बसायला लागली. उंबऱ्याच्या आतल्या अंगालाही एक बसलं.

मग मावशीनं हात पुढं केला. "बापू, एक डहाळा दे लिंबाचा. आन् तुझी काठी."

इकडं बाळंतिणीच्या खोलीच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा लावतात. तो दिसला की बाहेरचं माणूस आत जात नाही, मोठ्यानं बोलत नाही. मावशीनं काठी पांढरीच्या पायथ्याला रोवली आणि डहाळा तिला बांधला.

बापूचं हसू गेलं. "आक्का, पाखरांची सोयर पाळायलीस व्हय? आगं इतक्या वर्सांनी वर आलंय घर. परत कवा दिसंल?"

"नाय दिसलं तर नाय दिसलं. बाळंतिणीला उठवून घर बघायचं नसतंय. आपलं असलं तरी."

भाकरीचा तुकडा तिनं परत पदरात बांधला. आम्ही आपल्याच ठशांवरून मागं फिरलो. मेंढरंसुद्धा बापूनं लांबच्या वाटेनं पाण्यावर नेली.

नंतरचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. सकाळी मी त्या काठीजवळ बापूच्या घोंगड्याच्या सावलीत बसायचे. मारुतीला नारळ फोडायला लोक यायचे, डहाळा बघून थबकायचे. एकानं विचारलं, "कोण बाळंत झालंय रे इथं?" बापू म्हणाला, "लई जणी झाल्यात, बारशाला ये." तो माणूस हसला, पण वर गेला नाही. नारळ खालीच फोडला. डहाळा काय सांगतो ते सगळ्यांना आईच्या पोटापासून ठाऊक असतं. बापू तोंडानं कुरकुरायचा, आणि सुकलेला डहाळा रोज पहाटे बदलायचा. ते मी कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर त्यानं बंद केलं असतं.

पाखरांचं एक बघितलं. ऊन चढलं की ती उठून राहिलेल्या पाण्याकडं जायची, नुसतं पोट बुडवायची आणि येऊन ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. पंखांत नाही, चोचीत नाही, पोटावर पाणी आणायची. मला आमची गल्ली आठवायची, कमरेवर कळशी घेऊन तिरक्या चालणाऱ्या बायका. आणि माझ्या ड्रमात मावशीनं ओतलेल्या घागरी. भीती तशीच होती. पण भीतीला आता सोबत होती. इतक्या जणी उघड्या मातीवर बसल्या होत्या, कोल्हं-कुत्रं, ऊन, वारा सगळ्याला तोंड देत. त्यांना तरी कुठं कुणी लिहून दिलं होतं?

एका दुपारी मावशी माझ्या डोक्याला तेल लावत होती. काठीजवळच बसलो होतो. ती बोटानं लांबूनच घर दाखवायला लागली. इथं चूल, इथं कोकरं बांधायची जागा. "आन् उंबऱ्याच्या आत ती बसलीय ना एकटी, तिथं माझी आई बाळंत व्हायची. बापू तिथंच झाला. मी बाहेर बसले होते, मला आत जाऊ दिलं नव्हतं." बोटांवर आणखी तेल घेत म्हणाली, "आज बी नाय दिलं."

मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "रडायली काय? तेल डोळ्यात गेलं का?"

मंजू पैठणच्या दवाखान्यात झाली. रडायच्या आधी शिंकली. मी परत आले तेव्हा पत्र्याच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा होता, बापूनं बांधलेला. तो आत आला नाही. दारातूनच म्हणाला, "समुद्रवाली, पोरगी नाकानं तुझ्यावर गेली नाय म्हनून बरं." हे त्याचं आशीर्वाद देणं.

पुढं पाऊस झाला. वरच्या धरणांतून पाणी आलं आणि पांढरी एक दिवस होती, दुसऱ्या दिवशी नव्हती. तोवर पिल्लं उडाली होती. सगळी उडाली का, ते मला माहीत नाही. काही राहिलीही असतील. नंतरच्या एका उन्हाळ्यात पाणी पुन्हा उतरलं, पण पांढरीपर्यंत नाही. तो उंबरा परत दिसला नाही. मावशीनं कधी नाव काढलं नाही. मीच काढायचे, मनातल्या मनात, दर चैत्रात.

आता आमच्या मागं शेत नाही, सात मजली इमारती आहेत. जिथं मावशीच्या शेळ्या चरायच्या तिथं वॉचमनची खोली आहे. मावशीचे गुडघे गेले, आवाज तेवढा राहिला. मंजू आठवी पास झाली. पुढची वह्या-पुस्तकं आणताना मी ती एकेक हुंगून बघितली, ते तिला दिसू नये म्हणून मी दुकानात पाठ करून उभी राहिले.

आणि दादाचा फोन आला, त्या दिवशी नळाचं पाणी वाहून जात असताना मी ठरवलं. मावशीला न्यायचं.

"मी कशाला? समुद्र काय मला बघायचा ऱ्हायलाय?"

"माझं माहेर दाखवायचं राहिलंय."

त्यावर तिनं लुगड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. गाडीत वाटभर तिनं मांडीवर एक पिशवी धरली होती, कुणाला हात लावू देईना. किनाऱ्यावर उभी राहून तिनं समुद्र बघितला आणि पहिलं काय बोलली तर, "एवढं पाणी, आन् प्यायला येत नाय? कुणाचं डोकं हे?" दादाला हसून हसून खोकला लागला.

सकाळी होडीत बसलो. मावशीनं एका हातानं माझं मनगट धरलं, दुसऱ्यानं पिशवी. बेट जवळ आलं, कडे दिसायला लागले, काळ्या खडकावर सांडलेले पोहे. मग तो आवाज. मावशीनं मान वर केली. तिनं तो आवाज ओळखला.

"मामा, अजून पुढं ना!" मंजू ओरडली.

दादानं इंजिन बंद केलं. बाबा वल्हं आडवं धरायचे, बरोबर त्याच जागी. होडी नुसती हलत राहिली. कपारीकपारीत, कड्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक काळी टोपी.

"सगळ्या बाळंतिणी?" मावशीनं हळू आवाजात विचारलं. तिचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"सगळ्या."

तिनं पिशवी उघडली. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेला कडुलिंबाचा डहाळा होता, गल्लीतल्या झाडाचा, प्रवासानं मान टाकलेला. "म्हटलं, समुद्रात लिंब मिळतोय का नाय," ती म्हणाली. दादाला काही कळलं नाही, पण त्यानं विचारलं नाही. डहाळा घेतला आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीला, बांधला.

"ह्यांचा उंबरा कुठं हाये रे?" मावशीनं त्याला विचारलं.

दादानं थांबलेल्या होडीच्या काठावर हात ठेवला. "हयच, मावशी. होडी रवली थयच."

मग मावशीनं पदराची गाठ सोडली. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा होता. तांब्यातल्या पाण्यात तिनं तो भिजवला आणि माझ्या तोंडावरून ओवाळला, मग मंजूच्या. मंजू लाजून हसायला लागली. "थांब गं, हलू नको," मावशी म्हणाली, "तुझ्या आईचं लई दिवसांचं ऱ्हायलेलं हाये." तुकडा तिनं पाण्यात टाकला. हात जोडले. तिच्या ओठांवर काय होतं ते मला ऐकू आलं नाही.

होडी बराच वेळ तिथं डुलत राहिली. कड्यावरचं एकही पाखरू उठलं नाही.